पुन्हा दाखवू नका

बुधवार, तारीख बारा
दुपार, जेवणं उरकल्यावर

चिरंजीव खटपट्या,

आजीचे आशीर्वाद, आणि ते पुरेनात तर दोन टपल्या. इकडे सगळं ठीक आहे असं आधी लिहायचं असतं, म्हणून तसं लिहायला सांगितलंय. लिहिणारीनं ते लिहिताना नाकातून आवाज काढला. तोही लिही म्हटलं, तर लिहिला.

लिहिणारी तुझी बायकोच. दुसरं कोण आहे घरात? मला अक्षर ओळखता येत नाही, आणि शेजारच्या मास्तरीणबाईंना बोलवावं तर त्या माझी वाक्यं सुधारत बसतात. मागच्या खेपेला तुझ्या आत्याला धाडलेलं पत्र इतकं शुद्ध झालं की ती फोन करून विचारते, आई, हे नक्की तूच सांगितलंस का. म्हणून नातसुनेला, माझ्या सूनबाईला, बसवलंय. ठरलंय असं की मी बोलेन ते तिनं लिहायचं, स्वतःबद्दल असलं तरी, आणि मध्ये बोलायचं नाही. मी काही ताडून बघू शकत नाही, तेव्हा तिनं गाळलं तर गाळलं. पण ती गाळणार नाही. ती कशी आहे ते तुला माहीत आहे. तोच तर सगळा घोळ आहे.

पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणशील. तिचा फोन तू उचलत नाहीस. माझा उचलतोस, ‘आजी, जेवलीस का, गुडघा कसा आहे, मी कामात आहे’ हे एका दमात म्हणतोस आणि ठेवतोस. माझं ‘हो’ बहुतेक भिंतच ऐकते. उद्या सकाळी तुम्हा दोघांच्या रुग्णालयाची गाडी रक्ताच्या नळ्या घेऊन तुझ्या त्या मोठ्या शाखेत येते. ड्रायव्हरला बजावलंय, नळ्या कुणाच्याही हातात दे, पाकीट त्याच्याच हातात दे.

गुडघा तसाच. जिना उतरताना आधी तो बोलतो, मग मी. आज सकाळी दाखवून आले, त्याचं पुढे सांगते. वरच्या मजल्यावरच्यांनी पळायचं यंत्र आणलंय. पहाटेपासून कुणीतरी आमच्या डोक्यावरून धावत असतं आणि कुठेच पोचत नाही.

आणि खाली आमच्या घरात कुणाचं बूड टेकत नाही. सूनबाई चहा ठेवते आणि विसरते. दिवा जरा मंद झाला की हातातलं टाकून पंख्याकडे बघते, फिरतोय ना म्हणून. मग फोन बघते. तिचं बघून मीही पंख्याकडे बघायला लागले. मला काय कळतंय त्यातलं, तरी बघते. आपल्याकडची वीज गेली म्हणजे रुग्णालयातली गेली असं नाही, हे तिनंच मला समजावून सांगितलं, आणि पुढच्या वेळी दिवा हलला तेव्हा आधी तीच उठली. शेवटी मी तिला धरून खाली बसवलं आणि म्हटलं, सांग.

तिनं सांगितलं ते मला कळलं तेवढं तुला सांगते. मला कळलंय हे तुला कळलेलं बरं.

रुग्णालयातल्या सगळ्या आजारी माणसांची माहिती एका मोठ्या यंत्रात असते, त्याला तुम्ही सर्व्हर म्हणता. तो जुना झाला होता, तू त्याच्यावर नवं व्हर्जन चढवलंस. चांगलं केलंस, आता झपाट्यानं चालतो म्हणतात. त्या सर्व्हरमध्ये डोकावायचं आणि रोज त्याची प्रत काढून बाजूला ठेवायचं साधन सूनबाईच्या कॉम्प्युटरवर आहे. ते जुनंच राहिलं. आणि तुमच्या धंद्यात म्हणे असं असतं, की नवं साधन जुन्या सर्व्हरशी जुळवून घेतं, जुन्या साधनाला मात्र नव्या सर्व्हरचं बोलणं झेपत नाही. माणसांत मी उलट बघितलंय. म्हातारी जुळवून घेते, नव्यांनाच झेपत नाही. हे लिहिताना लिहिणारी हसली, बऱ्याच दिवसांनी.

बरं, झेपत नाही तर त्या साधनानं सरळ तोंड फिरवून बसावं. तसंही नाही. डोकावायचं काम ते अर्धंमुर्धं करतं. नावं दिसतात, तक्ते दिसतात, बघणाऱ्याला वाटतं चाललंय. प्रत काढायला मात्र साफ नकार देतं, आणि तो नकार कुणाच्या कानावर येत नाही, कारण रोजच्या कामासाठी तू जो हुकूम लिहून ठेवलायस तो एवढंच बघतो की फाइल झाली का. फाइल होते. त्या दिवसाची तारीख घालून होते. समोर हिरवी खूण येते. आत काही नाही. रिकामा डबा, झाकण घट्ट, रोज एक फळीवर.

हे उघडकीला आलं ते रक्त तपासणाऱ्या बाईमुळे. तिच्या हातून एका आजारी बाईचे निकाल पुसले गेले, आणि ती सूनबाईकडे आली, कालच्या प्रतीतून काढून द्या म्हणून. सूनबाईनं कालची फाइल उघडली, मग परवाची, मग त्याआधीची, अशी मागे मागे जात अपग्रेडच्या दिवसापर्यंत गेली. त्या आजारी बाईला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. तिनं नुसता हात पुढे केला म्हणे. सूनबाईला तेच जास्त लागलं.

त्याच दिवशी तिनं तुला सांगितलं. तू म्हणालास, गप्प बस, मी बघतो. का, तर शनिवारी मोठ्या शाखेतला सर्व्हरही तूच चढवणार, आणि तो नीट चढला की तुला वरची जागा. मध्ये कुणी ब्र काढला तर शनिवार हातचा जाणार. बॅग भरून तिकडे गेलास.

नवं साधन बसव की, असं मी अडाण्यासारखं सूनबाईला म्हटलं. ते तिच्या कॉम्प्युटरवर बसत नाही, कॉम्प्युटर त्याहून म्हातारा. नवा मागायचा तर का हवा ते सांगावं लागतं, आणि का हवा ते सांगितलं की सगळं बाहेर येतं. थेट सर्व्हरवरून प्रत काढायची तर त्याची किल्ली तुझ्याकडे. तू तिथून काढतो म्हणालास आणि अजून काढली नाहीस. लांबून हात घातला की त्याची नोंद राहते म्हणे, मग लोक विचारतात. तर आज एवढ्या माणसांची दुखणी एकाच ठिकाणी साठवलेली आहेत, दुसरीकडे काही नाही. वीज जाऊन ते यंत्र बिघडलं तर सगळं गेलं, म्हणून तिचं ते पंख्याकडे बघणं. आणि तिकडच्या शाखेतही कॉम्प्युटर याच वयाचे आहेत.

आता जे सांगायचंय त्याच्या अवतीभवती मी घिरट्या घालतेय. मध्ये दोनदा पाणी मागितलं. लिहिणारी म्हणते, आजी, तुम्हाला तहान लागलेली नाही. मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण बोलली ते खरं.

तुम्ही भांडलात तेव्हा मी आतल्या खोलीत होते. दार लावलं होतंत. दार पातळ आहे आणि माझे कान अजून शाबूत आहेत. ती विचारत होती, जुनं साधन नव्या सर्व्हरला जोडलं की ‘हे व्हर्जन या सर्व्हरसाठी नाही’ अशी सूचना येते, मग मला एकदाही कशी आली नाही? तेव्हा तू सांगितलंस, की अपग्रेडच्या दिवशी तिच्या खुर्चीवर बसून तूच ते उघडून बघितलंस. सूचना आली. पण मागे नावं, तक्ते दिसत होते, म्हणून खालच्या ‘पुन्हा दाखवू नका’ला टिक केलीस आणि उठलास. दुसऱ्या दिवशी ती येऊन बसली तेव्हा स्क्रीन स्वच्छ.

इथपर्यंत मी तुझ्या बाजूनं होते. घाई कुणाला होत नाही?

मग ती म्हणाली, मला सांगायचं तरी. आणि तू म्हणालास, “मशीन तुझी आहे. रोजच्या प्रतीवर नाव तुझं आहे. विचारलं तर तुलाच विचारतील.”

तुझाच आवाज होता. तरी मला क्षणभर वाटलं, घरात दुसरा कुणीतरी माणूस आलाय.

एवढं लिहून तिनं पेन खाली ठेवलं. मला ऐकू आलं नसेल असं ती धरून चालली होती. मी म्हटलं, उचल, अजून आहे. ती म्हणते, तो घाबरला होता आजी, मनात तसं नव्हतं त्याच्या. बघ, तुझ्याविरुद्ध लिहायला बसवलंय आणि तुझी वकिली करतेय. तू घाबरतोस ते मला काय नवीन आहे? लहानपणी पाण्यात उतरायची भीती वाटली की आधी आतेभावाला ढकलायचास. तो पोहायला शिकला, तू काठावर राहिलास.

बॅगेचंही सांगते. कपाटावरची दुसरी बॅग खाली आलीय. भरलेली नाही, नुसती भिंतीला टेकवून ठेवलीय. मी काही विचारलेलं नाही. अक्षरं मला वाचता येत नाहीत, खाली काढलेली बॅग येते. लिहिणारीनं मान वर केली नाही.

आता जे सांगणार आहे ते लिहिणारीलाही ठाऊक नाही. पोरी, अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

आज सकाळी गुडघा दाखवला तो रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना. माझा गुडघा पूर्वीपासून त्यांच्याच ताब्यात आहे, मोठ्या खुर्चीवर बसल्या तरी त्यांनी तो सोडला नाही. त्यांनी पाय वाकवायला लावला, मी वाकवला, आणि सगळं सांगून टाकलं. रिकाम्या फायली, ती टिक, शनिवार. तुझं ते वाक्य तेवढं सांगितलं नाही. ते घरातलं आहे.

पाय हातात धरूनच त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, आजी, याचं पुढे काय होईल ते कळतंय ना तुम्हाला? मी म्हटलं, “बाई, माझ्या गुडघ्याचे फोटोसुद्धा त्याच यंत्रात आहेत. ते गेले तर गुडघा माझ्याजवळ आहे, पुन्हा काढा. ज्यांचं दुखणं आतलं आहे त्यांनी काय दाखवायचं?”

लिहिणारी उठून खिडकीशी गेली होती. आता परत येऊन बसलीय. मध्ये काय म्हणाली ते लिहायला नको म्हणते, मी सांगते लिहायचं. ती म्हणाली, “आजी, त्याला वाटेल मीच तुम्हाला पाठवलं. आयुष्यभर वाटेल.”

म्हणून इथे नीट ऐक. तिनं मला पाठवलं नाही. मी तिला विचारलंही नाही, विचारलं असतं तर तिनं मला दारातच अडवलं असतं. घरात कुणाला न विचारता बटण कसं दाबायचं हे मी तुझ्याकडूनच शिकले.

प्रमुखबाईंचं म्हणणं असं. प्रत त्या उद्याच काढून घेतील, सर्व्हर बसवणारी माणसं बोलावून. सूनबाईला नवा कॉम्प्युटर मिळेल, कारण न विचारता. राहिलास तू. शनिवारचं काम त्यांच्या एका फोननं थांबतं. पण शुक्रवारी दुपारपर्यंत त्या तो फोन करणार नाहीत. तोवर तुझा फोन गेला तर तू स्वतःहून सांगितलंस असं त्या धरतील. नाही गेला तर चौकशी लागेल, आणि चौकशी कागदावर जिचं नाव आहे तिच्यापासून सुरू होते. तसा नियम आहे, त्यांच्याही हातात नाही. एवढं सांगून त्यांनी माझा पाय खाली ठेवला आणि जिना टाळा म्हणाल्या.

वरची जागा बहुतेक जाईल. उगाच खोटं कशाला बोलू? मलाही वाईट वाटेल, मी आधीच चौघींना सांगून बसलेय. तू माझ्यावर चिडशील. चीड खुशाल, मी पुष्कळांचे राग पचवलेत आणि माझी प्रकृती उत्तम आहे. पण मी बोलले नसते तर तू शनिवारी तिकडेही तेच बटण दाबलं असतंस, वरची जागा घेतली असतीस, आणि आमच्याबरोबर जेवायला बसताना रोज तिच्या ताटाकडे बघायचं टाळलं असतंस. तू पोराटोरासारखा कितीही वागलास तरी तसा माणूस झालेला मला बघवला नसता.

तेव्हा पाकीट हातात पडलं की आधी प्रमुखबाईंना फोन कर. टिक मी केली, एवढं वाक्य पुरे. पुढचं त्या विचारतील. मग घरी कर, आणि घरी केलास तर मला मागू नकोस, तिला माग. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही. तिच्याशी लग्न तू केलंयस.

लिहिणारीला विचारलं, तुझ्याकडून काही घालायचंय का. नाही म्हणाली. मग पेन हातात तसंच धरून बसून राहिली, म्हणून थोडा वेळ मीही काही सांगितलं नाही. घातलं असेल काही तर ते तुझ्यात नि तिच्यात.

आता म्हणते, खाली काय लिहू? लाडकी आजी की नुसतं आजी? मी म्हटलं, आज जी आहे ती लिही.

तुझ्याविरुद्ध बोलून आलेली,
आणि म्हणूनच अजून तुझी,
आजी