छत्तीस तास

श्री

दि. १२ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपार

चि. ठमे,

खूप आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तुझ्या बाबांचा गुडघा आहे तसाच आहे आणि त्याबद्दलची कुरकूरही. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई उद्या सकाळच्या गाडीने तिकडे येतायत. त्यांच्या हाती हे पत्र आणि तुझी उड्डाणांची वही देते आहे. बारापर्यंत तुझ्या खोलीवर येतील. फोन तीनदा लावला. तुझा आवाज ऐकला की मी "जेवलीस का?" विचारते आणि ठेवून देते. म्हणून कागद.

सोमवारी तू विमानतळावरच्या काउंटरच्या कायम नोकरीच्या कागदावर सही करणार म्हणून बाबा खूश आहेत. "आमच्या वैमानिकबाई आता लोकांच्या बॅगा तोलणार! बरंच झालं, पाय तरी जमिनीवर." मीही हसले. हसता हसता दूध उतू गेलं.

सही करू नकोस. निदान हे वाचून होईपर्यंत.

तुझ्या वहीत चूक आहे. मला खोड वाईट, बेरीज दिसली की ताडून बघते. तुझ्या तासांची माझी बेरीज आली दोनशे पंचावन्न, तुझी दोनशे एकोणीस. फरक छत्तीस. फरकाला नऊने भाग गेला की मी आधी उलटलेले आकडे शोधते, किराण्याच्या वहीत माझंही हेच होतं. सापडले. अकराव्या पानाखाली एकूण तास १९५ आहेत, बाराव्याच्या डोक्यावर तू १५९ उतरवलेस. पुढचं सगळं बरोबर, पण त्या चुकीवर रचलेलं.

विमानातून जमिनीचे फोटो काढणाऱ्या त्या कंपनीला अडीचशे तास हवे होते ना? तुझ्याकडे होते.

बघ, कशी मुनीमजीसारखी लिहीत बसले आहे. सांगायचं ते राहतंच आहे.

ही चूक मला आज सापडलेली नाही. जुलैत तू वही देऊन गेलीस, "आई, ही हरवली तर मी संपले, देवापाशी ठेव," म्हणालीस, त्याच आठवड्यात सापडली. ऑगस्टमध्ये त्यांनी तास कमी म्हणून तुला परत पाठवलं, तेव्हा मला ठाऊक होतं. तू फोनवर रडलीस आणि मी म्हणाले, "देवाची इच्छा." देवाची कसली, माझी. तू पहिल्यांदा एकटी उडालीस त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मनाला समजावलं, चूक मी थोडीच केली, मी नुसती गप्प आहे. रोज त्या वहीसमोर हात जोडले, पण देवाकडे डोळे वर करून बघवेना.

गेल्या रविवारी तू इथे गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस. डोक्यावरून विमान गेलं. लहानपणी चिमटा तोंडात धरून नुसत्या आवाजावरून सांगायचीस, कोणतं ते. त्या दिवशी मानसुद्धा वर केली नाहीस. तेव्हापासून माझ्या हातून एक काम धड होत नाही.

आज तुझ्या प्रशिक्षकांना फोन केला. "काकू, कमाल केलीत! आम्हा कुणाला दिसली नाही. कधी सापडली?"

"आजच," म्हणाले. हे आणखी एक खोटं.

उद्या चारपर्यंत ते तुमच्या फ्लाइंग क्लबात आहेत. तपासून दुरुस्तीवर सही देतील. त्या कंपनीची जागा अजून रिकामी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. तुझ्या वहीला मी पेन लावलेलं नाही, पानवार बेरजेचा कागद आत ठेवला आहे.

बाबांना अजून बोलले नाही. आज बोलेन. तू रागाव, हवं तितकं, पण आधी सही घे. रागवायला चारनंतर पुष्कळ वेळ आहे.

पहिल्यांदा कामावर उडशील तेव्हा आधी सांगू नकोस. उतरलीस की कळव.

तुझी,
आई