आईचा उरणचा मुक्काम

उरण,
१२ जानेवारी २०२५

सौ. मनस्वी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझ्याशी फोनवर बोलणार नाही असं वचन तू बाबांना दिलंस, पण पत्राचं त्यांनी काही म्हटलंच नव्हतं, म्हणून लिहितेस! ज्योतिबांना, तुझ्या भाऊजींना, वाचून दाखवलं तर त्यांना हसून ठसका लागला. म्हणाले, तुझी भावजय शाळेत मराठी कशाला शिकवते, कोर्टात उभी राहायची.

आईने माझ्याकडे चार दिवस राहायचं मनात घेतलंय हे वाचलं आणि मी होते तिथेच बसले. माझा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी बाबांनी दार लावलं ते लावलंच. आईने माझं घर अजून पाहिलेलं नाही. घर तरी कसलं, पोर्तुगीजांच्या वेळच्या दगडी चर्चच्या मागे दोन खोल्या. मिशनने आम्हाला इथे ठेवलंय ते चर्चची राखण करायला आणि कंटेनर यार्डातल्या कामगारांसाठी रविवारची उपासना चालवायला. चर्चचं निम्मं छप्पर कधीच पडलंय. सुट्टीच्या दिवशी पोरंपोरी फोटो काढायला येतात, भिंतीवर नावं खरडतात, आणि ज्योतिबा चुन्याचं डबडं घेऊन त्यांच्या मागोमाग फिरतात. पण मागच्या दारातून खाडी दिसते आणि पलीकडे मिठागरं. आईचं माहेर याच अंगाला होतं. तिला बरं वाटेल.

काळजी एकच, तिच्या डायलिसिसची. आठवड्यातून दोनदा तिला मशीनवर झोपावं लागतं. इथून गाडी करून नेरूळला नेऊ, आमची तयारी आहे. बाबांना सांग, तिला कोणी प्रार्थनेला बसवणार नाही, कपाळाच्या कुंकवाला हात लावणार नाही. ती माझी आई म्हणून येतेय, मंडळीत भर म्हणून नाही.

माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई,
रंजिता


जुईनगर,
२३ जानेवारी २०२५

।। श्री ।।

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबा हो म्हणाले! मला दोनदा विचारून खात्री करून घ्यावी लागली. आई आणि ते दार लावून बराच वेळ बोलत होते. बाहेर आले तेव्हा बाबा चपला शोधत होते, आणि चपला त्यांच्या पायातच होत्या. एवढंच म्हणाले, की जाऊ दे तिला लेकीकडं.

तुमचा भाऊ भडकलाय, दिपेश. त्याच्या अटी लिहून घे, नाहीतर मला ऐकावं लागेल. आईंची भांडी वेगळी. उशाशी क्रूस नको. मंगळवार-शुक्रवारचं डायलिसिस चुकता कामा नये. भांड्यांचं ऐकून आई म्हणाल्या, लेकीचे घरा कनची येगली भांडी? आणि सुकटीचा डबा बांधायला बसल्या. सोबत सुक्या वाकट्या आहेत, मसाला आहे, भाऊजींसाठी तांदळाच्या पापड्याही आहेत. ज्योतिबा नाव लावून येशूचं सांगणाऱ्या जावयाला एकदा नीट बघायचंय म्हणतात.

ताई, इतक्या खुशीत त्यांना मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. गेले काही दिवस आमच्या आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन बसून आल्या. भिंतीवरून भांडण झालेल्या गोजराकाकूंकडेही गेल्या. काकू रडल्या म्हणे. गावदेवीला जाऊन आल्या. लेकीकडे जायची एवढी तयारी कशाला म्हणून मी चिडवलं, तर माझ्या गालावरून नुसता हात फिरवला.

मंगळवारचं डायलिसिस करून दिपेश त्यांना तिकडे सोडेल. दारात भांडू नका दोघं.

तुमची लाडकी,
मनस्वी


उरण,
११ फेब्रुवारी २०२५

सौ. मनस्वीस अनेक आशीर्वाद.

दिपेशने घरी येऊन त्याच्या बाजूचं सांगितलं असेल. माझ्याकडचंही वाच.

पहिला आठवडा सुखाचा गेला. सकाळी खुर्ची मागच्या दारात मांडून आई खाडीकडे बघत बसायची. कुठलं मिठागर कोणाचं होतं, ते ज्योतिबांना सांगायची. उन्हं वर आली की चर्चमध्ये गारव्याला जायची. तिथे जमिनीत एका बाईचा थडग्याचा दगड आहे, अक्षरं झिजून गेलीत. तिचं नाव कुणाला माहीत नाही हे कळल्यावर आईला फार वाईट वाटलं. रोज त्यावर एक फूल ठेवायची. तो शुक्रवार आणि पुढचा मंगळवार आम्ही तिला नेरूळला नेऊन आणलं.

परवाच्या शुक्रवारी गाडी दारात आली तर ती खुर्चीतून उठेना. दमले म्हणाली. शनिवारी जाऊ म्हटलं, तर मला जवळ बसवून सांगितलं, की आता जायाचं नाय. मशिनीखाली पडून पंखा बगत मरन्यापरीस पानी बगत मरंन. मग तांब्या मागितला. मनस्वी, तीन वर्षं ती मोजून घोट घोट पाणी प्यायली आहे. तिने सगळा तांब्या संपवला आणि पदराने तोंड पुसलं.

मी रडले, पाया पडले. ज्योतिबा तर भांडलेच. जीव देवाने दिलाय, तो आपण होऊन टाकायचा अधिकार माणसाला नाही, असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, की तुमी देवाशी रोज बोलता, तर माझं एवढं सांगा त्याला, रागावू नको म्हनाव.

मग मी दिपेशला फोन केला. तो ॲम्ब्युलन्स घेऊन आला. सोबतच्या डॉक्टरांनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, ती शुद्धीवर आहे, तिला सगळं समजतंय, जबरदस्ती करता येणार नाही म्हणाले. दिपेशने बाबांना फोन लावून दिला. आई फोन घेऊन खाडीच्या बाजूला गेली. परत आली तेव्हा बाबा फोनवर दिपेशला म्हणाले, की ऱ्हाऊ दे तिला तिथं. दिपेश जाताना मला म्हणाला, की तुम्ही दोघांनी प्रार्थना करकरून तिचं डोकं फिरवलंत.  गाडीचं दार त्याला उघडेना, मी जाऊन उघडलं.

तुम्ही सगळे या. भांडायला या, पण या.

रंजिता


जुईनगर,
१५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शाळेत वाचलं आणि पुढचा तास मी घेऊ शकले नाही.

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. दिपेश परवा पुन्हा एकदा तिकडे जाऊन आला ना, आईंनी त्याला जेवायला घातलं आणि परत पाठवलं. तेव्हापासून तो कामालाही गेलेला नाही. आळीत एकच विषय आहे. रंजिताच्या नवऱ्याने म्हातारीला सांगितलं, औषधं सोड, येशू बरं करेल. आळीतला सनी पोरं गोळा करतोय, तिकडे जाऊन जाब विचारू म्हणतो. बाबा ओट्यावर बसलेले असतात. सगळं त्यांच्या समोर बोललं जातं आणि ते हूं की चूं करत नाहीत.

मी तुमच्या बाजूने भांडले. गोजराकाकूंशी, दिपेशशी. तरी एक विचारते, रागावू नका. भाऊजींनी, किंवा तुमच्याकडे उपासनेला येणाऱ्या कुणी, आईंना बरं होण्याबद्दल काही सांगितलं होतं का? मला खरं हवंय. खोटं असलं तर मी कुणापुढेही उभी राहीन. खरं असलं तरी तुमच्याशी नातं तोडणार नाही, पण मला कळायला हवं.

मी येते म्हटलं तर दिपेश म्हणाला, गेलीस तर तिकडेच राहा. ताई, माझ्याने येववत नाहीये. आईंना सांगा, त्यांची तुळस मी पाण्याविना ठेवलेली नाही.

पाया पडते.
मनस्वी


उरण,
२४ फेब्रुवारी २०२५

सौ. मनस्वीस आशीर्वाद.

आईला शेवटचं घेऊन गाडी तुमच्या आळीत आली तेव्हा मी नाक्यापर्यंत मागोमाग आले होते. तू खिडकीतून पाहिलंस, मी तुला पाहिलं. पुढे येऊ दिलं नाही. सनीने हात आडवा धरला. मी तिथेच मेडिकलच्या पायरीवर बसून राहिले, सगळे परत येईपर्यंत.

तू विचारलंस त्याचं उत्तर. ज्योतिबांनी तिला बरं होशील असं एकदाही म्हटलं नाही. ते शेवटपर्यंत तिला दवाखान्यात चला म्हणत होते. उपासनेला येणाऱ्या दोन बाया मात्र म्हणाल्या होत्या, की विश्वास ठेवा, आजी, उठून चालाल. आईने त्यांना हसून सांगितलं, की बायांनो, मी चालून चालूनच दमलीय. तेवढंच. यातलं जेवढं तुला दोषाचं वाटेल तेवढा दोष आमचा.

शेवटचे दोन दिवस अवघड गेले. पाय सुजले, छातीत पाणी भरलं, झोपता येईना. मिशनच्या ओळखीचे डॉक्टर येऊन औषध देत होते, त्याने श्वास थोडा हलका व्हायचा. उशा लावून आम्ही तिला दारात बसवलं. तिने तुझं नाव घेतलं. तुझ्या हातची बोंबलाची चटणी तिखट असते म्हणाली. दिपेश लहानपणी किती रडका होता ते सांगत होती, ते सांगताना अर्ध्यातच डोळा लागला. मंगळवारी उजाडताना गेली. त्या वेळी ज्योतिबा तिच्या पायाशी बसले होते. ते रडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

चर्चच्या दारावर कोणीतरी दगड मारलेत. कोणी ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. मिशनच्या ऑफिसातून फोन होता. इथे गडबड नको, म्हणून आमची बदली धुळ्याकडे केलीय. महिना-दीड महिन्यात निघायचं. ज्योतिबांनी इथल्या भिंती स्वतःच्या हाताने सांधल्यात. त्यांनी चुन्याचं डबडं धुऊन पालथं घातलं.

तू भांडू नकोस आता कोणाशी. तुला त्याच घरात राहायचंय.

रंजिता


जुईनगर,
६ मार्च २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल-परवापासून लिहायला बसते आणि फाडते. तेराव्याला जे झालं ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते.

पंगत बसली होती. सनीने पुन्हा तोच विषय काढला, पोलिसांत तक्रार देऊ म्हणाला. दिपेशने मान हलवली. तेव्हा बाबा पानावरून उठले. आईंचं नाव घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, की सुमित्रानं पयलं मना इचारलं, मशीन सोडू काय. मी नाय म्हनलो. मंग ती म्हनली, तुमचे डोल्यांसमोर नाय करत, लेकीकडं जाते. मी हो म्हनलो. पोरीला अन् जावयाला कायेक ठावं नव्हतं.

 दिपेशने विचारलं, तुम्हाला आधीपासून माहीत होतं? बाबांनी मान खाली घातली. दिपेश भरल्या पानावरून उठून गेला. आज चार दिवस झाले, एका घरात राहून तो बाबांशी एक शब्द बोललेला नाही. बाबा घरात आले की हा गॅलरीत जातो.

मी बाबांना विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं. म्हणाले, लोक तिने जीव दिला म्हणतील, ते मला सोसलं नसतं. मी म्हटलं, मग रंजिताताईला लोक बोलत होते ते कसं सोसलं? त्यावर ते म्हणाले, की तिला तर लोकं आधीच बोलत व्हती. ताई, हे तुम्हाला लिहावं की नाही कळत नव्हतं. लिहिलं.

मला आईंचाही राग येतो. सगळ्या आळीचा निरोप घेतला, गोजराकाकूंचासुद्धा, आणि मी विचारलं तर नुसता गालावरून हात. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला ठाऊक नाही.

बाबा तुमचा पत्ता मागत होते. दिला.

तुमची,
मनस्वी


उरण,
२ एप्रिल २०२५

सौ. मनस्वी हिस अनेक आशीर्वाद.

बाबा येऊन गेले. एकटे, विचारत विचारत. आमचं सामान बांधून झालं होतं, टेम्पो तेवढा यायचा होता. मी दार उघडलं तर विचारलं, की ती कुठं बसायची? मी खुर्ची मागच्या दारात मांडली. बसले. ओहोटी होती, नुसता चिखल दिसत होता. तरी बघत राहिले.

त्यांनी विचारलं, की लय तरास झाला काय? नाही म्हणणं सोपं होतं. मी खरं सांगितलं. ऐकून त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ते ऐकायचंच होतं. मग मीही विचारलं. मला सगळे बोलत होते तेव्हा तुम्ही गप्प कसे राहिलात?  म्हणाले, तू सोसशील असं वाटलं.

मनस्वी, मी दर रविवारी बायांना क्षमेवर सांगते. शत्रूला कसं माफ करावं, सात वेळा की साताच्या सत्तर वेळा, सगळं मला तोंडपाठ आहे. त्या दुपारी समोर माझा बाप बसला होता आणि माझ्या तोंडून एक शब्द निघेना. आत येऊन भांडी धूत राहिले, धुतलेलीच पुन्हा. ज्योतिबा त्यांच्याशेजारी जाऊन बसले. 

पातेली बांधून ठेवली होती, त्यातलं एक सोडून भात आणि आमटी केली. बाबा जेवले. माझ्या हातचं ते इतक्या वर्षांनी जेवत होते आणि मला त्याचं सुख होईना. त्यांचं पान रिकामं झालं तेव्हा मी पुन्हा भात वाढला. त्या दिवशी मला तेवढंच जमलं. पुढचं जमेल की नाही, सांगता येत नाही. खोटं कशाला लिहू?

ज्योतिबा त्यांना रिक्षापर्यंत सोडून आले. मी दारातच उभी राहिले.

हे पत्र बांधलेल्या गाठोड्यावर बसून लिहितेय. उद्यापासून आम्ही लांब. दिपेशचा राग आज ना उद्या उतरेल, तोवर त्याला काही समजावायला जाऊ नकोस. तुला एकच मागते. माझ्याने झालं नाही ते तू कर. बाबांना एकट्याने जेवायला बसवू नकोस. शाळेतून यायला उशीर झाला तरी चालेल, ते थांबतील. त्यांच्या समोर पान मांडून बस, काही बोलली नाहीस तरी चालेल.

लांबून तुझीच,
रंजिता