झाकलेल्या बशा

प्रिय माय,

तू होती तेव्हा तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. गरजच काय होती? आवाज दिला की तू हजर. आज नागपूरहून तिगावला उतरलो, घरी आलो आणि तपासायच्या वह्या बाजूला सारून तुझ्या ओट्यावर हे लिहून राहिलो. थकलो गं माय. शाळा सांभाळून हे संशोधन आता माझ्याच्यानं होत नाही, हेच माझ्या मार्गदर्शक सरांना सांगायला गेलो होतो.

आठवते आपला नाला? वरच्या रंगाच्या कारखान्याचं पाणी त्यात सुटायचं आणि तू त्याच लाल पाण्यात धुणं धुवायची. "बारा महिने होळी खेळून राहिला मेला!" म्हणून हसायची. पण हाताला खाज सुटली की खोबरेल लावत बसायची. ते हात पाहूनच मी या नादाला लागलो. हे तुला कधी सांगितलंच नाही. कावून नाही सांगितलं?

भुकटीचं मात्र सांगितलं होतं. ही पांढरी भुकटी म्हणजे झिंक ऑक्साइड. रंगाच्या पाण्यात टाकून उन्हात ठेवली की उन्हाच्या जोरावर रंगाचे तुकडे करते आणि स्वतः संपत नाही. अंगणात संत्र्याच्या पेटीवर सहा काचेच्या बशा मांडल्या होत्या. तू वाकून पाहिलं. "उन्हानं तर लुगडंबी विटते. त्यात काय शिकाचं रे, मास्तर?" मी हसण्यावारी नेलं.

आणि मग तो रविवार. अख्खं गाव सरपंचाकडे टीव्ही पाहायला गेलं, मीही गेलो. तू एकटी कोंबड्या हाकलत बशांपाशी बसली. तुला काय टीव्ही आवडत नव्हता? मी साधं विचारलंही नाही!

परत आलो तर तीन बशांवर तुझं फाटून तुकडाभर उरलेलं जुनं लुगडं, चार घड्या करून. तेवढ्यालाच ते पुरलं होतं. बाकी तिघींच्या बाजूला तू वाऱ्याकडून सूप आडवं धरून बसली होती.

"वावटळ आली होती रे. धूळ पडन म्हून झाकलं. कुरडया नाही झाकत का आपण?"

"अक्कल नाही का तुले? दिवस वाया घातला माहा!"

शेजारणीच्या देखत ओरडलो मी. तू लुगडं झटकलं आणि आत गेली. त्यानंतर दर वेळी दारातूनच विचारायची, "झाकू का रे? का राहू देऊ उघडं?" मी वर मान करूनही उत्तर द्यायचो नाही. दिवाळीनंतर तू तापात गेली, आणि ते विचारणंही गेलं.

आज सर म्हणाले, "सोडायचं तर सोडा. पण एक सांगा, हा रंग तुटतो, की नुसता भुकटीला चिकटून तळाला बसतो? हे ऊनच करतं कशावरून? अंधारात ठेवून पाहिलं का कधी?" एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, माय!

सर माझी प्रयोगाची वही चाळत राहिले आणि एका पानावर थांबले. माझंच रागातलं अक्षर: "तीन बशा आईने झाकल्या. रंग तसाच. दिवस वाया."

"आणि उघड्या तीन?"

"पांढऱ्या झाल्या, सर."

"अहो, मग वाया काय? तेच पाणी, तीच भुकटी, तोच दिवस. फरक फक्त उन्हाचा. हेच तर पाहिजे होतं! कशानं झाकल्या होत्या?"

"आईच्या लुगड्यानं," म्हणालो. सरांनी पाण्याचा पेला पुढे केला.

सोडायचं राहून गेलं बघ. एका दिवसानं काही सिद्ध होत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागेल. नाला अजून तसाच लाल वाहून राहिला आणि मी अजून तसाच थकलेला आहे. पण तुझ्या कपड्यांच्या पेटीतून ते लुगडं काढून ठेवलं आहे. उद्यापासून रोज तीन बशा उन्हात आणि तीन त्याच्याखाली, हा शब्द देतो तुला.

आणि तू इतक्यांदा विचारलं, त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलं होतं.

झाक, माय.

तुझा,
सुदाम