डोंगरावरचा धूर

आदरणीय कामशत विहीणबाईंना उमितचा अंतालियाहून सलाम. कारागांदाला थंडी सुरू झाली असेल. माणसं-जनावरं सुखरूप ना? गुडघा काय म्हणतो? बटाटे तळघरात गेले का? आमची तब्येत उत्तम आहे. अपचन दोघांनाही आहे, पण ते सुखाचं.

माझ्या मुलानं आणि तुमच्या लेकीनं आम्हाला ज्या हॉटेलात धाडलंय, तिथे मनगटावर निळी पट्टी बांधतात. मग दिवसभर खा, प्या, पोहा, कुणी हटकत नाही. तुमचे व्याही (टोकतार, म्हणजे 'थांबणारा'; पण हे थांबणारे कसले, खुंटाच तो!) पहिल्या दिवसापासून फाटकाकडे पाठ करून बसले. "सगळं इथेच मिळतंय, तर बाहेर जाऊन भूक कशाला लावून घ्यायची?" मला मात्र खिडकीतून समोरच्या डोंगरावर रोज सकाळी धूर दिसायचा. हॉटेलात विचारलं, तर म्हणे, तिकडे काही नाही. आता काहीच नाही तर धूर कसला? (छत्तीस वर्षं भूगोल शिकवला मी. 'तिकडे काही नाही' हे उत्तर एकाही पोराकडून घेतलं नाही.)

चौथ्या दिवशी हे तरणतलावात उतरलेले पाहून मी सटकले. एक गाडी, मग दुसरी, मग पायपीट. धूर निघाला एलमासबाईंच्या चुलीचा. सत्तरीच्या, एकट्या, अंगणात बसून तव्यावर पातळ पोळ्या भाजत होत्या. त्यांची तुर्की मला येत नाही, पण पुष्कळ शब्द आपल्या कझाकसारखेच. त्या आनंदात मी सारखे शब्द एका दमात म्हणून टाकले: पाणी, दूध, घोडा, मांस, एक, दोन, तीन! बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पट्टीकडे पाहिलं, आणि त्यांची खात्रीच पटली की ही वेड्यांच्या इस्पितळातून पळालेली आहे.

"बस हं बाळा, घाबरू नकोस," असं काहीसं म्हणत त्यांनी मला आडवं केलं, पांघरूण घातलं, सूप पाजलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. शेजारणीनं पट्टीवरच्या नंबरावर फोन केला. हॉटेलवाले म्हणाले, उमित नावाचे एक गृहस्थ आहेत आमच्याकडे, बाई कुणी नाही. (तुर्कांत उमित पुरुषाचं नाव!) झालं. आता मी स्वतःला बाई समजणारा पुरुष की काय, यावर अंगणात चर्चा सुरू झाली.

त्या फोनची गोष्ट यांच्या कानावर गेली आणि संध्याकाळी हे आले, पोहायच्या चड्डीवर कोट घालून. "अगं, तलावाच्या तळाशी माणसं उतरवली तुझ्यासाठी!" म्हणाले, आणि आवाज फुटला त्यांचा. बेचाळीस वर्षांत मी तो तसा ऐकला नव्हता. एलमासबाईंनी काही न विचारता त्यांच्यापुढे पोळी ठेवली. तीन पोळ्या यांनी संपवल्या. चौथीला हळूच म्हणाले, "त्या पलीकडच्या डोंगरामागे काय असेल गं?"

आपली,
उमित

ता. क. आम्ही मुक्काम दहा दिवस वाढवून एलमासबाईंच्या माडीवर राहिलोय. तुमच्या लेकीला हे तुम्हीच सांगा, आमची छाती होत नाही.

ता. क. २. हॉटेल आतून कसं असतं, असं बाई सारखं विचारायच्या, म्हणून परवा दाखवायला नेलं. त्यांनी तिथे आठवड्याची खोलीच घेतली. आता डोंगरावर परत यायला तयार नाहीत. त्यांच्या अकरा कोंबड्या माझ्या गळ्यात पडल्यात आणि परवापासून एक अंडं नाही. पत्र खरं तर त्यासाठीच: खुडूक कोंबडीला काय करतात, ते तेवढं तातडीनं कळवा.