पहिल्या ओळीतले सहा टाके

शनिवार, ८ जून

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता वाकतो. तिकडे सामान लागलं का? दादा नव्या नोकरीत रुळला का?

बार्जेलो भरतकामाच्या वर्गात नव्या बायका आल्यात. त्यांना शिकवायचं काम बाईंनी माझ्यावर टाकलं होतं. "टाका उभा, जाळीच्या कापडाचे चार धागे ओलांडून. पुढचा दोन धागे वर. असं चढायचं, मग उतरायचं. पहिली ओळ जमली की बाकीच्या रंग बदलून तिच्याच मागे जातात." पोपटासारखं म्हणायचे.

तुला त्या वर्गात मीच आणलं. दोन वर्षं मी तिथे डोळे फोडले, आणि तू दोन महिन्यांत लोकरीच्या अशा ज्वाळा काढल्यास की बाई म्हणाल्या, "हिला मोजणी उपजतच आहे." घरी आईचंही तेच. माझी उशी कपाटात, तुझी तिच्या पाठीशी. माझा नुसता तिळपापड व्हायचा. वर तू म्हणणार, "वन्सं, तुमच्यामुळेच जमलं हो." ते तर जास्तच झोंबायचं.

प्रदर्शनाच्या उशीबद्दल लिहायचंय. वर्गातून एकच जाणार होती, आणि बाईंनी तुझी ठरवली होती. पहिली ओळ संपतानाच तुझी लोकर संपली. ती आणायला तू खालच्या दुकानात गेलीस. तेवढ्यात मी तुझे शेवटचे सहा टाके उसवले आणि एक धागा खाली सरकवून पुन्हा घातले. एकेक मोजून, वहिनी.

त्यावर तू अकरा ओळी भरल्यास. मग बाईंनी उशी लांब धरली. "अगं, या बाजूच्या ज्वाळा खाली बसल्यात!" तू म्हणालीस, "माझंच लक्ष नव्हतं," आणि उसवायला बसलीस. मुदत टळली. तुझ्या जागी माझी उशी गेली, तिचा पहिला नंबर आला. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतेस? जिचं बिघडवलंस तिला सांग." बाईंनाही सांगून आले. आता शिकवायला दुसरी कुणीतरी आहे.

माफ कर. पण मत्सर गेला असं खोटं लिहिणार नाही. काल दादानं तुझ्या नव्या उशीचा फोटो पाठवला, आणि माझ्या पोटात दुखलंच.

तुझ्यावर जळणारी, आणि तुला तोंड दाखवायला लाजणारी,
तुझी नणंद