पौंडाचे एकोणीस वाटे

३ फेब्रुवारी, सोमवार
आज परत वाटलं, बॅग भरावी अन् निघावं. कुठंही! सुरत सोडलं, भुसावळ सोडलं. इंदूरला चार महिने झाले — एवढं मी कुठंच टिकलो नाही.
पण काम वेगळंच आलंय. विजय नगरच्या एका शाळेतून संहिता मॅडम आल्या होत्या. गणिताच्या खोलीत जुनी वजनं मांडायचीत. इंग्रजांची त्यांच्याकडे आहेत. जुन्या ग्रीसची आम्ही घडवायची. पोरं तोलून बघतील, एका मापातलं दुसऱ्या मापात करतील.
आमचे मालक प्रतापराव ऐंशीचे. जन्मभर पितळेची वजनं घडवली. कपाटात त्यांच्या वडिलांचा इंग्रजी पौंड ठेवलाय. मॅडमची नजर गेली. "यावरूनच घडवा ना, काका!" प्रतापरावांनी कपाटाचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "हौ, चालेल."

४ फेब्रुवारी
मॅडमनी दिलेला मापांचा कागद पाठ केला. सहा ओबोलचा एक ड्राक्मा. शंभर ड्राक्मांचा एक मिना. साठ मिनांचा टॅलंट. इंग्रजांचं निराळं — सोळा औंसांचा पौंड, चौदा पौंडांचा स्टोन.
दोघांची गाठ पडते ती अशी : वीस मिना म्हणजे एकोणीस पौंड. "अंदाजे हं, ग्रीसमध्ये गावोगावी फरक होता," असं मॅडम म्हणाल्या. मग टॅलंट किती? सत्तावन्न पौंड. चार स्टोन अन् वर एक पौंड! हे मी स्वतः काढलं. सातवी नापास माणसानं! प्रतापराव हसले. "नाव यशवर्धन आहे, कुछ तो बढेगा."

६ फेब्रुवारी
तराजूत एका बाजूला पौंड, दुसऱ्या बाजूला पितळेची भुकटी. ती भुकटी तोलून तोलून वीस सारखे वाटे केले. एक वाटा बाजूला काढला. उरले एकोणीस — झाला मिना! त्याच्या बरोबरीनं पितळ घासायचं. मिन्यावरून अर्धा मिना, मग खाली उतरत ओबोलपर्यंत.
दिवसभर घासलं. कुठं जावंसं वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी
सगळी वजनं झाली, शाळेत पोचती केली. ओबोल तर नखाएवढा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सगळं परत आलं.
मॅडमनी शाळेच्या मशीनवर तोललं. मिना चारशे एकतीस ग्रॅम पाहिजे, भरला चारशे साडेसतरा. बाकीचीही कमीच. प्रतापरावांनी वजन हातातसुद्धा घेतलं नाही. मॅडमच्या समोर म्हणाले, "याने कानस जास्त चालवली. मन ठिकाणावर नसतं ना याचं. दुसरा माणूस बघतो मी."
चार महिन्यांत पहिल्यांदा मन ठिकाणावर होतं!
आईचा फोन आला. "या वेळी तरी टिकलास रे बाबा."

१५ फेब्रुवारी
झोपच नाही. कागदावर मांडून बघितलं. मिना बत्तिसावा हिस्सा कमी. ड्राक्मा बत्तिसावा हिस्सा कमी. ओबोलही! माझा हात चुकला असता तर एक जास्त, एक कमी असं झालं असतं. सगळी सारखी कशी चुकतील? म्हणजे ज्याच्यावरून घेतली तोच हलका.
प्रतापराव अन्नपूर्णेच्या देवळात गेले तेव्हा पौंड उलटा केला. प्रत्येक वजनाच्या बुडात एक भोक असतं. त्यात शिसं ओतून वजन नेमकं करतात. इथं खिळा टोचला — आत शिरला! शिसं नाही. लाख. वरून काळी केलेली.
सोळा औंसांत अर्धा औंस खाल्लेला.
प्रतापराव सांगतात, दादांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं, लोकरीचं दुकान होतं. पौंडानं विकायचे. "पूर्ण इंदूरमध्ये दादांच्या मापाला तोड नव्हती."

१६ फेब्रुवारी
बोललो नाही. मेलेल्या बापाला चोर ठरवून त्याच्या पोराच्या दुकानात मी कसा राहू?

१७ फेब्रुवारी, सोमवार
सांगून टाकलं, "चूक माझीच. मशीन समोर ठेवून परत घडवून देतो, पैसे नका देऊ. मग जातो."
प्रतापरावांनी कपाटातून पौंड काढून उलटा केला. मग विचारलं, "पौंड उलटा केला होता ना तू?"
लाखेवर खिळ्याची खूण राहिलेली.
मी मान हलवली.
"तरी पण चूक तुझीच म्हणतोस?"
शटर ओढून ते जेवायला गेले. दुपारी परत आलेच नाहीत.

१८ फेब्रुवारी
सकाळी गेलो तर संहिता मॅडम बसलेल्या. प्रतापरावांनीच बोलावलं होतं. पौंड उलटा, लाख उकरून काढलेली. म्हणाले, "शिसं मी काढलं. पंधरा वर्षांचा होतो. वाचलेली लोकर बाहेर विकायचो. दादांना पत्ताच नव्हता. एका बाईनं तक्रार केली तर दादांनी दुकानातल्या माणसाला काढला. मी बाजूलाच उभा होतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "याला पण तसाच काढणार होतो."
मी त्या माणसाचं नाव विचारलं.
त्यांना आठवेना.