शनिवारी तात्यांबरोबर

प्रिय गुंडा,

हे पत्र मी वैशाखात लिहायला घेतलं होतं, आता भाद्रपद संपत आला. मधे तीनदा कागद काढला, तीनदा 'इकडे सर्व ठीक' एवढंच लिहिलं आणि चप्पल घालून बाहेर पडलो. तुला माझी सवय ठाऊक आहे. दहावीच्या गणिताच्या पेपराला निघालो आणि वडूजला एका विहिरीतून गाळ काढणारी क्रेन बघत उभा राहिलो, तेव्हा पेपर सुटल्यावर तूच मला दंडाला धरून घरी नेलं होतंस. फोनवर सांगायचं म्हटलं की माझं तोंड भलतीकडंच पळतं. म्हणून कागद. आमच्या दुकानाचे धोंडिरामकाका उद्या गावाकडं निघालेत, त्यांच्याकडे देतो.

मी निघालो त्या दिवशी एसटीची खिडकी धरून तू म्हणालास, "गड्या, सोनं आटवाय चाललायस, आटव. पर सुट्टीच्या दिशी जरा तात्यांचं बघ. जिवंत न्हाईत तर न्हाईत, पर कुठं गेलं एवढं तरी कळू दे." मी मान हलवली. आपल्या खटाव-खानापूरची माणसं गलाईच्या धंद्यात, जुनं सोनं आटवून शुद्ध करत, कुठंकुठं पोचलीत. तुझे वडीलही, आपले तात्या, तसेच काठमांडूला आले. दरवर्षी जत्रेला घरी यायचे. मग इथं तो मोठा भूकंप झाला आणि तेव्हापासून ना फोन ना माणूस. धोंडिरामकाकांनी त्या वेळी दोन महिने दवाखाने आणि तंबू पालथे घातले. काही लागलं नाही हाताला.

खरं सांगतो, पहिले दोन महिने मी शोधलंच नाही. शनिवारी इथं सुट्टी. सकाळी तेजाबाचा वास अंगावरून धुऊन काढायचा आणि चालत बागमतीचा पूल ओलांडून पाटणला जायचं. आपल्या कोयनेकाठच्या पाटणचंच नाव, पण हे शहर निराळंच. सगळं तांबड्या विटेचं. घरं एकमेकांच्या अंगावर रेललेली, काहींना भूकंपापासून लाकडाचे टेकू दिलेले अजून तसेच. टेकूवर बाया मिरच्या वाळत घालतात. भिंतीत कमरेएवढं दार दिसतं, वाकून आत जावं तर मोठा चौक, मधे बुद्धाचा स्तूप, बाजूला मोटारसायकल धुणारा माणूस. त्या चौकाच्या कोपऱ्यात दुसरं दार, पलीकडं दुसरा चौक. पाणी भरायला रस्त्यावरून दोन माणूस उंचीएवढ्या खोल पायऱ्या उतरायच्या, तिथं दगडी मगरीच्या तोंडातून धार पडते. बाया कळशा रांगेत लावून भांडतात, अगदी आपल्या टँकरवर भांडल्यासारख्या. मी अर्धा दिवस तिथं बसून भांडणं ऐकायचो. भाषा कळत नव्हती, पण कोण जिंकतंय ते कळायचं. तुझं काम रोज डोक्यात यायचं आणि वाटायचं, पुढच्या शनिवारी.

बघ, सुटलो परत. मुद्द्यावर येतो.

माघात एकदा अशाच चौकात वाट चुकलो. तीन दारं फिरून त्याच स्तूपापाशी आलो. पायरीवर एक माणूस पितळेची मूर्ती घासत बसला होता, त्याला मोडक्या हिंदीत रस्ता विचारला. त्यानं वर न बघताच म्हटलं, "तिकडनं कुठं शिरलास मर्दा? डाव्या अंगाला वळ की." गुंडा, ही आपली बोली! मी खाली वाकून चेहरा बघितला. मी म्हटलं, "आकारामतात्या?" त्यांनी मूर्ती खाली ठेवली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कुणाचा रं तू?"

तात्या जिवंत आहेत. केस पांढरे झालेत, बाकी तेच. भूकंपानंतर बरीच वर्षं ते डोंगरातल्या एका गावी होते, चार वर्षांमागं पाटणला आले. मूर्तींना सोन्याचा मुलामा देतात. त्यांच्या घरी एक बाई आहे आणि नऊ वर्षांची मुलगी. हे असं उघडं लिहितोय, कारण झाकून लिहिलं तर परत तेच होईल. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच त्या दिवशी घरी जेवायला बसवून सांगितलं, "भूकंप झाला तवा चार दिस मैदानात झोपलो. लाइन लागंना. पाचव्या दिशी लागली, अन् मी नंबर दाबलाच न्हाई. हिची वळख झाल्याली तवा. म्हणलं, उद्या करू. उद्याचा परवा झाला, मग आता काय तोंडानं करू असं झालं." एवढं बोलून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक उडदाचं धिरडं वाढलं. 'घरी सांगू नकोस' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

त्या संध्याकाळी तू फोन केलास. 'काय पत्ता?' म्हणालास. मी म्हणालो, नाही रे. आणि लगेच तुला कृष्णाच्या दगडी देवळाचं सांगत बसलो.

त्याच्या पुढचं मला जास्त लागतं. त्यानंतरचा एकही शनिवार मी त्यांच्याशिवाय घालवला नाही. आम्ही दोघं चालायचो. मेणाची मूर्ती करून तिच्यावर माती-शेणाचा लेप कसा देतात, मग मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू कसा ओततात, ते त्यांनी मला ओळखीच्या कारखान्यात नेऊन दाखवलं. राजवाड्याची सोनेरी खिडकी, कुठल्या राजानं कुठली पुष्करणी बांधली, कुठल्या दुकानातलं दही मातीच्या भांड्यात लावतात, सगळं त्यांनीच सांगितलेलं. मी ते तुला फोनवर ऐकवायचो, तुझी राणीआक्का बापाचं विचारायला फोन करायची तेव्हा तिलाही, आणि तू म्हणायचास, "लय हुशार झालास रं, हितं तर इतिहासात बोंबललेला." मी हसायचो. तुझ्याच बापाचं बोलणं मी माझं म्हणून तुला ऐकवत होतो.

का सांगितलं नाही, याचं उत्तर लाजिरवाणं आहे. सांगितलं असतं तर ते शनिवार संपले असते. माझे अण्णा फौजेतून पेन्शनवर आले ते गप्पच आले, तुला माहीत आहे. माझ्याबरोबर कुणी असं चाललं नव्हतं. चढ आला की तात्या माझ्या खांद्यावर हात ठेवतात. ती मुलगी मला 'दाइ' म्हणते, म्हणजे दादा. ती हाक तुझी आहे, गुंडा. ज्येष्ठात तू एकदा म्हणालास, "मला त्यांचा आवाज बी आठवत न्हाई रं आता." त्या वेळी तात्या माझ्यापासून चार हातांवर काकडी चिरत होते. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला, तुझा आवाज त्यांना जाऊ नये म्हणून. तो कान मला अजून गरम लागतो.

परवा आमच्या आईचा फोन आला. म्हणाली, बेपत्ता होऊन बारावं वर्ष लागलं, भटजींनी सांगितलंय, येत्या सर्वपित्रीला पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. गुंडा डोकं भादरून घेणार आणि बनूकाकी कुंकू पुसणार, तिनं मन घट्ट केलंय. मी काल तात्यांना जाऊन सांगितलं. ते मूर्तीच्या कानामागं घासत होते, घासतच राहिले. मग म्हणाले, "तसंच बरं न्हाई का?" मला पहिल्यांदा त्यांचा राग आला, आणि पुलावर पोचेपर्यंत त्याहून जास्त माझा. म्हणून हे पत्र, काका सर्वपित्रीच्या आधी पोचतात. तो विधी करू नकोस. काकीच्या कपाळाला हात लावू देऊ नकोस कुणाला. पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मला तोंड दाखवू नको म्हणालास तरी चालेल, पण जित्या माणसाला अग्नी देऊ नकोस. आणि हे लिहितोय तोवर, गुंडा, दुकानाच्या दारात तुझी राणीआक्का उभी राहिली. सोनौलीच्या सीमेपर्यंत रेल्वेनं नि जीपनं, तिथून रात्रभर बसनं, एकटी आली. माधवनगरला सासरी बचत गटाची सहल म्हणून सांगितलंय तिनं. तुम्ही शोधाशोध करत असाल तर थांबवा, ती सुखरूप आहे. मी म्हटलं, आक्का, तू कशी काय इथं? ती म्हणाली, "तात्यांचं इचारलं की तू देवळं सांगाय लागतोस. बाकी कशाचं इचारलं की नीट बोलतोस. म्हणलं, जाऊनच बघावं." आता आत तोंड धुतेय, तेवढ्यात हे खरडतोय. पिशवी अजून खांद्यावरून उतरवलेली नाही. तात्या जिवंत आहेत, पाटणला, एवढंच सांगितलं मी. किती लांब आहे, असं विचारलं तिनं. पायी पाऊण तास, म्हणालो, टॅक्सी बघतो. म्हणाली, "नगं. चालतच जाऊ. तवर सगळं सांग मला. देवळं सोडून."

तुझाच, अजून तसं म्हणू देणार असशील तर,
शिवतेज